ऑटो की फिक्स : एक शास्त्रशुद्ध निर्णय

३ ऑगस्ट २०२५, रविवार. सकाळी ९.१०

झोपेच्या तपासणीचा रिपोर्ट आला. बेचाळीस. म्हणजे झोपेत माझा श्वास तासाला बेचाळीस वेळा अडतो, असं त्यांचं यंत्र म्हणतं. पस्तीसला पास या हिशेबाने मला बरं वाटलं होतं. पण डॉक्टर म्हणाल्या, सर, इथं उलटं असतं. तीसच्या वर सिव्हिअर.

डॉक्टर म्हणजे देवश्री मुळे. आमच्याच शाळेची, २००५ ची दहावी. प्रकाशाचं अपवर्तन तिला मी शिकवलं. आता इथं अमरावतीत साईनगरात स्वतःचं क्लिनिक आहे आणि मला टॉर्च मारून घसा उघडायला सांगते. कालाय तस्मै नमः.

तिने विचारलं, दिवसा झोप येते का. मी नाही म्हणालो. आशा बाजूलाच बसली होती. ती म्हणाली, मागच्या आयतवारी वरणात बोटं घालून झोपले होते, बोटं म्याच काढली. वास्तविक मी विचार करत होतो.

उपाय एकच, मशीन. रात्री नाकावर मास्क लावायचा. मशीन हवेचा दाब देतं, घसा मिटत नाही. मशीन दोन प्रकारचं. फिक्स, म्हणजे रात्रभर एकच दाब. आणि ऑटो, म्हणजे श्वास अडला की ते आपणहून दाब वाढवतं, सुटला की कमी करतं. मी विचारलं, दोन्हींत शास्त्रीयदृष्ट्या श्रेष्ठ कोणतं? ती म्हणाली, तुमच्या केसमध्ये दोन्ही चालेल सर, फक्त रोज लावा. मी प्रश्न पुन्हा विचारला. तिने तेच उत्तर पुन्हा दिलं. अभ्यास नसला की विद्यार्थी असंच मोघम बोलतात.

तेव्हा अभ्यास मीच करणार. पंधरा दिवसांत निर्णय.

(घोरण्याविषयी : मी घोरत नाही. आशाची झोप सावध आहे.)

१० ऑगस्ट, रविवार. संध्याकाळी ७

प्राजक्ताला भेटून अकोल्याहून परत. पोरगी कृषी विद्यापीठात एम.एस्सी. करते, तुरीच्या मर रोगावर. तिला तूप आणि चिवडा पोचवला.

येताना बोरगाव मंजूच्या पुढे गाडी रस्त्याच्या खाली घेतली. टायरमधली हवा बघायची होती. एक कडुनिंब जरा जास्तच जवळ आला, एवढंच.

आशाचं म्हणणं वेगळं. ती म्हणते की तुमचे डोये मिटले होते, अन् मी बोंबलली तवा तुमी गाडी वळवली. ती खाली उतरली, पर्स घेतली, रस्त्यावर उभी राहिली आणि मागून आलेल्या अमरावतीच्या एसटीला हात दाखवला. मी म्हटलं, काहून तमाशा करून राहिली? ती म्हणाली, मशीन लावून डॉक्टर हो म्हणत नाई तोवर मी तुमच्या गाडीत बसत नाई.

एसटी पुढे, मी मागे. बडनेऱ्यापर्यंत तिच्या धुरात आलो. मागच्या खिडकीत आशाचं डोकं दिसत होतं. एकदाही वळून बघितलं नाही.

टायरमध्ये हवा होती.

१४ ऑगस्ट, गुरुवार

एक्सेल शीट सुरू केलं. तेवीस कॉलम. दाब, आवाज, वजन, ओलावा, लाइट गेल्यावर काय, प्रवासात काय, वगैरे. हा दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात. म्हणजे विषय सरळ माझ्या हद्दीत आला. एकतीस वर्षं मी यू-नळीत लाल शाईचं पाणी घालून दाब शिकवतोय. अमरावती जिल्ह्यात या निर्णयाला माझ्याइतका लायक पेशंट दुसरा नसेल.

तिसऱ्या कॉलमवर असताना कीबोर्डवर जरा टेकलो. त्या चौकोनात ज हे अक्षर चार हजार वेळा आलं. सॉफ्टवेअर जुनं आहे.

१७ ऑगस्ट, रविवार. सकाळी ११

निर्णय झाला. फिक्स.

कारण तात्त्विक आहे. माणसाला एक भूमिका असावी. रात्रभर वारा बघून दाब बदलणारं यंत्र मला मानवणार नाही. मी स्वतः फिक्स माणूस आहे. तीच शाळा, तीच स्कूटर, भांगही तोच. आशाला सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं, उद्याच आणू. मी म्हटलं, घाई नको. आधी वापरणाऱ्या एखाद्याचा अनुभव विचारतो.

१८ ऑगस्ट, सोमवार

निर्णय रद्द.

वापरणारा एखादा म्हणजे देवीदास निघाला. आशाचा धाकटा भाऊ, अकोल्यात जठारपेठेत बी-बियाण्यांचं दुकान आहे. दहावी दोन हप्त्यांत. मला कल्पनाच नव्हती की तो दोन वर्षांपासून मशीन लावतो. म्हणाला, भाऊजी, घ्या बिनधास्त! फिक्सच घ्या. डॉक्टरनं दहावर लावून देल्ली, तवापासून हातबी नाई लावला. घोडे इकून झोपतो मी.

तर फिक्स हे यंत्र देवीदाससाठी आहे. ज्याला काहीच समजून घ्यायचं नाही, त्याला ठीक. मला विचार करणारं यंत्र पाहिजे. कॉलम वाढवून एकतीस केले.

२४ ऑगस्ट, रविवार

अभ्यास चालू. पोळ्यामुळे दोन दिवस गेले.

३१ ऑगस्ट, रविवार

अभ्यास चालू. गणपतीमुळे आठवडा गेला. आशाने उशी उचलून पुढच्या खोलीत नेली. म्हणे, सण संपे तोवर. नंतर बघितलं तर तिची गोधडीसुद्धा तिकडेच.

६ सप्टेंबर, शनिवार

डॉ. देवश्रीचा स्वतःहून फोन. सर, महिना झाला, मशीन घेतलं का? मी शीटबद्दल सांगितलं. ती म्हणाली, सर, त्या शीटमध्ये एक कॉलम कमी आहे. मशीन नसलेल्या रात्री किती गेल्या, त्याचा.

विनोदबुद्धी चांगली आहे. शाळेत नव्हती.

कॉलम टाकला. बत्तीस.

१२ सप्टेंबर, शुक्रवार. रात्री ८

प्राजक्ताचा सेमिनार होता आज. वर्षभराचं काम प्राध्यापकांसमोर मांडायचं. पोरीने दोघांना बोलावलं होतं. आशा सकाळच्या एसटीने गेली, मी गाडीने. पहिल्या रांगेत बसलो. प्राजक्ता निळ्या साडीत उभी राहिली. आवाज खणखणीत, माझ्यासारखा. मर रोगाची बुरशी मुळातून कशी चढते, इथपर्यंत मी शब्दन् शब्द ऐकला.

मग टाळ्या झाल्या आणि सगळे उठले. मला वाटलं, कार्यक्रम फार आटोपशीर ठेवला.

बाहेर चहाला प्राजक्ता आली नाही. आशाला विचारलं तर ती म्हणाली, घरी चला. म्हटलं, गाडीत येतेस का? ती एसटी स्टँडकडे चालायला लागली.

सभागृहातले पंखे फार आवाज करत होते. कुणीतरी तक्रार करायला हवी.

१३ सप्टेंबर, शनिवार

देवीदासने व्हिडिओ पाठवला. भाचीचा सेमिनार म्हणून तोही मागे बसून शूटिंग करत होता. अकरा मिनिटांचा. प्राजक्ता बोलते आहे. तिसऱ्या मिनिटाला आवाज सुरू होतो. पाचव्या मिनिटाला प्राजक्ता थांबते, पाणी पिते, पुन्हा सुरू करते. सहाव्याला तिचे सर हसू दाबतात. आठव्याला ती एक वाक्य दोनदा वाचते. आवाज मध्येच पूर्ण बंद होतो, बराच वेळ, आणि मग कुणीतरी पोतं फाडल्यासारखा परत येतो.

पंखे बंद होते. ए.सी. सभागृह होतं.

व्हिडिओ तीनदा बघितला. कॅमेरा माझ्या पाठीमागे होता, त्यामुळे आवाज माझाच असं निर्विवाद म्हणता येत नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

प्राजक्ताला फोन लावला. लागला नाही. म्हणजे लागला. उचलला नाही.

२० सप्टेंबर, शनिवार. दुपारी

मशीन घेतलं. ऑटो. निर्णय शास्त्रशुद्धच आहे, फक्त जरा लवकर घेतला.

डॉक्टरांनी आधी बुधवारी रात्री क्लिनिकमध्ये झोपवून माझा दाब शोधला होता. नऊच्या आसपास आला. आज त्या दीड तास समजावून सांगत होत्या. मी डोळे मिटून एकाग्रतेने ऐकलं. शेवटी आशाने हलवलं आणि सही करा म्हणाली. केली.

मशीन लावून द्यायला अकोल्याहून श्रावणजी इंगोले आले होते. पासष्टीचे, आधी एका दवाखान्यात कंपाउंडर होते, आता हीच यंत्रं पोचवतात आणि चालवायला शिकवतात. खोक्यावर मोठ्या अक्षरात AUTO लिहिलेलं आहे. मी त्यांना म्हटलं, बघा, हे विचार करतं. श्रावणजी म्हणाले, विचार माणसानं करा लागते सर, यानं हवा फेकली तरी पुष्कळ झालं.

खोकं दिवाणखान्यात ठेवलं आहे. अक्षरं दाराकडे.

२१ सप्टेंबर, रविवार

पहिली रात्र. यशस्वी. मास्क साधारण तासभर टिकला. उरलेली रात्र मशीनने माझ्याशिवाय काढली.

२८ सप्टेंबर, रविवार

मास्कमधून शिट्टी वाजते. सुर्रर्र. मी म्हटलं, दाबाचा दोष. आशा म्हणाली, मिशीचा. मास्क मिशीवर बसत नाही, फटीतून हवा निघते. मिशी वडिलांपासून चालत आली आहे. चांदूर बाजारला आमच्या घराण्याची ओळखच ती आहे. दाबाच्या बाजूने मी बराच वेळ युक्तिवाद केला.

रोज किती तास लावलं याची वही डॉक्टरांनी ठेवायला सांगितली. ठेवतो. सोमवार ७ तास, मंगळवार ७, बुधवार साडेसात. खरं वाटावं म्हणून गुरुवारी सव्वासहा लिहिले.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. सोनं द्यायला प्राजक्ता आली नाही. आईला फोन केला, अभ्यास आहे म्हणाली. माझी चौकशी केली का विचारलं. आशा म्हणाली, केली. काय विचारलं? बाबा मशीन लावतात का. मग तू काय सांगितलं? आशा आपट्याची पानं देवापुढे ठेवायला गेली.

११ ऑक्टोबर, शनिवार

मोठा विश्वासघात. मशीनमध्ये एक कार्ड असतं. रोज कधी सुरू, कधी बंद, नाकावर किती वेळ, सगळं ते लिहून ठेवतं. कुणी सांगितलं नव्हतं. (आशा म्हणते सांगितलं होतं, तुमी झोपले होते.)

देवश्रीने कार्ड कॉम्प्युटरला लावलं आणि माझी वही शेजारी ठेवली. वहीत सरासरी सात तास. कार्डात एक तास दहा मिनिटं. तिने दोन्ही आकडे बघितले. मला आठवलं, २००४ साली तिच्या प्रयोगवहीत निरीक्षणं आधी आणि प्रयोग नंतर होते म्हणून मी ती वही सगळ्या वर्गासमोर वर धरली होती. ही पोरगी तसं करू शकली असती. आशा समोरच होती. तिने वही मिटून माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, सर, आता आजपासून खरी लिहू.

मग ती सेटिंगबद्दल काहीतरी समजावत होती. माझं लक्ष नव्हतं. मी वही घट्ट धरून बसलो होतो.

१२ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ६

एक गोष्ट लिहून ठेवतो. काल रात्री आशाला विचारलं, मी झोपेत खरंच थांबतो का? श्वास? ती स्वयंपाकघरात उभी होती. म्हणाली, चार वर्स झाले. तुमचा आवाज बंद झाला की मी मोजते. पंधरा, वीस. एकदा अठ्ठेचाळीसपर्यंत मोजले. मंग हलवते. पुढच्या खोलीत गेली तरी कान इकडंच राहते माह्ये.

माझा समज होता की तिची झोप सावध आहे.

मिशी काढली. म्हणजे आत्ताच, सहा वाजता. आरशात बघणार नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

सलग सात रात्री. ६ तास, साडेसहा, ७. कार्डानुसार. मिशीच्या जागी गार लागतं. स्टाफरूममध्ये सगळे म्हणाले, सर, आजारी दिसता. वास्तविक आठव्या तासाला मी जागा होतो. दहावी ब सुद्धा चकित.

हे सगळं ऑटोमुळे. फिक्स असतं तर अशक्य.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

अकोल्याला देवीदासकडे. (आशा एसटीने.) ओवाळणी झाल्यावर त्याला समजावलं की रात्री माझा दाब साधारण अडीचला चढतो, साडेतीनला उतरतो. मला झोपेतही ते जाणवतं. यंत्र मला ओळखायला लागलं आहे. देवीदास करंजी खात म्हणाला, माह्यं तं मले वळखतच नाई भाऊजी, तरी झोप लागते.

कीव आली.

प्राजक्ता होती. माझ्या ओठाकडे बघत राहिली. बोलली नाही, पण ताटात बासुंदी दुसऱ्यांदा वाढली.

२ नोव्हेंबर, रविवार

देवीदासचा फोन. त्यांच्या कृषी विक्रेत्यांच्या संघटनेचा सोळा तारखेला मेळावा आहे, जठारपेठेतल्या सभागृहात. आरोग्यावर बोलायला डॉ. देवश्री येणार. महिन्यातल्या तिसऱ्या रविवारी ती अकोल्यात पेशंट बघते. तिनेच सुचवलं, पेशंट म्हणून वानखडे सरांनी दहा मिनिटं अनुभव सांगावा.

होकार दिला. विषय ठरवला : ऑटोचा विजय. दहा मिनिटांत बसणार नाही. चाळीस तयार करतो.

९ नोव्हेंबर, रविवार

नुसतं भाषण नाही, प्रत्यक्ष प्रयोग दाखवणार. मशीनच्या नळीला फाटा काढून यू-नळी जोडायची, त्यात लाल पाणी. मास्क मी लावणार. घोरण्याचं सोंग केलं की ऑटो दाब वाढवेल, पाणी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वर चढेल. देवीदासच्याही. शाळेतून नळी, स्टँड आणि मोठी पट्टी आणली.

रंगीत तालीम करायची म्हणत होतो. पण यंत्रावर माझा पूर्ण विश्वास आहे.

प्राजक्तालाही निरोप दिला. येते म्हणाली. म्हणजे आईला म्हणाली.

१६ नोव्हेंबर, रविवार. रात्री ८.३०

जे झालं ते क्रमाने लिहितो.

सभागृहात शंभरेक लोक. विक्रेते, त्यांच्या बायका, काही शेतकरी. प्राजक्ता तिसऱ्या रांगेत आशाशेजारी. डॉक्टर सोप्या भाषेत बोलल्या, नको इतक्या सोप्या. मग मी. पहिली पंधरा मिनिटं उत्तम. तत्त्व, इतिहास, पाण्याचा सेंटिमीटर. फिक्स म्हणजे बंद घड्याळ, असं एक वाक्य टाकलं. देवीदासनेच टाळी वाजवली.

मग प्रयोग. मदतीला बोलावलेल्या श्रावणजींनी मशीन सुरू केलं. यू-नळीत पाणी चढलं आणि नवाच्या रेघेवर थांबलं. मी मास्क लावला आणि माइकवर सांगितलं, आता मी घोरतो, पाणी पंधरापर्यंत जाईल.

घोरलो. पाणी श्वासागणिक जरासं थरथरलं. नऊ.

पुन्हा घोरलो, जोरात. नऊ.

तिसऱ्या वेळी मी मनापासून घोरलो. मध्ये श्वास अडवला, आणि पोतं फाडल्यासारखा सोडला. मागून एक बाई मोठ्याने म्हणाली, अगं माय, हे तं आमच्या घरचंच! शेजारच्या नवऱ्याला तिने कोपर मारलं. सगळं सभागृह हसायला लागलं. बायका नवऱ्यांकडे बोटं दाखवत होत्या. पाणी नवावर.

देवीदास पहिल्या रांगेतून काळजीने म्हणाला, भाऊजी, पाणी तं हालूनच नाई राहिलं.

श्रावणजींनी चष्मा लावला, वाकून मशीनच्या पडद्यावर वाचलं आणि माझ्या कानात सांगितलं. कान माइकजवळ होता. सर, हे फिक्सवर हाये. नऊवर. पयल्या दिवसापासून.

मी म्हटलं, खोक्यावर ऑटो लिहिलं आहे. ते म्हणाले, खोक्यावर हाये. ऑटो मशीन फिक्सवर बी चालते. म्याच लावून देल्ली होती, डॉक्टर मॅडमनं लिहून देल्लं तशी.

देवश्री उठून माझ्याजवळ आली. तिने हळूच सांगितलं की माझा दाब एकाच जागी स्थिर होता म्हणून तिने फिक्स लिहून दिलं. ऑटो मी मागितलं म्हणून मशीन ते घेतलं, पुढे कधी लागलंच तर. हे मला दोनदा सांगितलं होतं म्हणे. फाइलमध्ये लिहिलंय, खाली माझी सही आहे. मग तिने माइक घेतला आणि म्हणाली, सरांनी आत्ता जे दाखवलं तेच मला सांगायचं होतं. नाव काही असो, ज्याने रोज लावलं त्याला झोप लागली. टाळ्या तिला मिळाल्या. थोड्या मला.

म्हणजे अडीचला चढणारा आणि साडेतीनला उतरणारा दाब. असो.

मी नळी सोडवत होतो तेव्हा प्राजक्ता वर आली. पोट धरून हसत होती. डोळ्यांत पाणी. एक हात स्टँडला लावून म्हणाली, बाबा, पहिल्या रांगेत बसून घोरण्यापेक्षा स्टेजवर जास्त चांगलं घोरता तुमी. मग तिने यू-नळी दोन्ही हातांनी सांभाळून गाडीपर्यंत नेली. पाणी एक थेंब सांडू दिलं नाही.

मी म्हटलं, त्या दिवशीचं. ती म्हणाली, राहू द्या. मग म्हणाली, एक वाक्य मी दोनदा वाचलं होतं, ते तुमच्यामुळं नाही. विसरले होते.

खरं की खोटं, विचारलं नाही.

आशाला घरी आल्यावर विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, हो. मग सांगितलं का नाही? म्हणे, रोज सकाळी उठून तुमी सांगत होते, आज दाब असा चढला, तसा उतरला. लेकरावानी खुश होते. मशीन नाकावर होती ना. मंग मले काय करा लागते ऑटो अन् फिक्स.

निष्कर्ष : यू-नळी अत्यंत अचूक आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

एक्सेल शीट उघडलं. एकतीस अधिक एक कॉलम. बंद केलं. सेव्ह करायचं का असं त्याने विचारलं. नको म्हटलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

डॉ. देवश्रीचा फोन. मेळाव्यानंतर अकरा जणांनी तपासणीला नाव नोंदवलं. मी विचारलं, माझ्या भाषणामुळे का? ती म्हणाली, सर, अकरापैकी नऊ नावं बायकांनी दिली. तिसऱ्या घोरण्यानंतर.

एकानेही विचारलं नाही, ऑटो की फिक्स. मी विचारायला सांगितलं. ती हो म्हणाली. विचारणार नाही.

महिन्याचं कार्डही बघितलं तिने. सगळं उत्तम. दिवसा झोप नसेल तर गाडी चालवायला हरकत नाही म्हणाली. हे मी स्पीकर लावून ऐकलं. आशा भाजी निवडत होती. कान इकडेच होता.

३० नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी ६

अकोल्याहून परत. देवीदासच्या वावरात रोडगे आणि वांग्याच्या भाजीचं जेवण होतं.

आज आशा गाडीत बसली. सकाळी मी चावी घेतली तेव्हा ती चप्पल घालून तयार उभी होती. दरवाजा मीच उघडला.

बडनेरा ओलांडल्यावर बघतो तर तिचे डोळे मिटलेले. मान मागे टेकलेली, हात मांडीवर. मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. चार वर्षं ही बाई माझे श्वास मोजत जागली. आज माझ्या शेजारी, माझ्या भरवशावर, शांत झोपली. मी रेडिओ बंद केला. स्पीड साठच्या वर नेला नाही. प्रत्येक गतिरोधकावर गाडी अशी उचलून ठेवली की आत दूध असतं तरी सांडलं नसतं. मूर्तिजापूरला चहाची तलफ आली होती, थांबलो नाही, ती उठेल म्हणून. मागून ट्रकवाले शिव्या घालून गेले. घालू देत.

वावरात पोचल्यावर देवीदास, प्राजक्ता, पाहुणे, सगळे पंगतीत बसले होते. मी मोठ्याने सांगितलं, तुमची बहीण अमरावती ते अकोला माझ्या गाडीत गाढ झोपून आली. याला म्हणतात विश्वास.

आशा रोडग्यावर तूप घेत होती. म्हणाली, कायची झोपते. डोये मिटून गजानन महाराजाचं नाव घेऊन राहिली होती. बडनेऱ्यापासून.

सगळे हसले. मी वांग्याची भाजी पुन्हा घेतली.

मग ती हळूच, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, वापस जातानी डोये उघडे ठेवीन. मूर्तिजापूरले चहा पाजा.

पाजला.